फिरवून बघावं की विचारून घ्यावं

घरच्या लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या मुलांमध्ये दोन पंथ असतात. एका पंथाचं म्हणणं असं की नॉब फिरवत बसा, आवाज सापडेल. कुणाला विचारायला गेलात तर त्याच्याचसारखे होऊन बसाल. दुसऱ्या पंथाला हा हट्ट वाटतो. जे कुणीतरी आधीच शोधून ठेवलंय ते पुन्हा शोधण्यात वर्षं कशाला घालवायची? विचारा आणि पुढे चला. दोन्हीकडे सांगायला दाखले आहेत आणि दोन्हीकडचे लोक ते दाखले अर्धेच सांगतात. इलेक्ट्रॉनिक संगीत शिकवणारं हे पुस्तक हातात आलं तेव्हा लेखिका कुठल्या पंथाच्या निघतात याचीच मला पहिली उत्सुकता होती. त्या उघड उघड फिरवून बघणाऱ्यांच्या आहेत. मीही त्यांतलाच. म्हणूनच या प्रस्तावनेत मी विचारणाऱ्यांची बाजू जरा जास्त लढवणार आहे. पुस्तकात ती कमी पडली आहे असं मला वाटतं.

विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. पेटी शिकायला बसलेल्या मुलाला पेटीचा आवाज आयता मिळतो. पट्टी दाबली, भाता हलवला की सूर उमटतो. कुठली पट्टी, कधी आणि किती वेळ, एवढं शिकायचं असतं. सिंथेसायझरवर बसलेल्याला आवाजही आयता नसतो. ऑसिलेटर एक कच्चा, बहुधा कर्कश स्वर काढतो. फिल्टर त्यातला वरचा चरचरीत भाग कापतो. आवाज झटकन उमटावा की हळूहळू फुलावा, आणि पट्टी सोडल्यावर किती रेंगाळावा, हे एन्व्हलप ठरवतो. एवढ्याच जुळणीतून बासरीच्या जवळचं काही निघतं, घंटेच्या जवळचं निघतं, आणि कशाच्याच जवळ नाही असंही निघतं. ताल, सॅम्पल, मिक्स या सगळ्या पुढच्या गोष्टी. 'कसं वाजवायचं' याच्या आधी इथे 'काय वाजवायचं' हा प्रश्न येतो आणि त्याचं तयार उत्तर कुणाच्या खिशात नसतं. फिरवून बघणाऱ्यांचं सगळं बळ यात आहे.

पण ज्या एन्व्हलपचा नॉब ते फिरवतात, तो मात्र विचारपुशीतून जन्मला आहे. रॉबर्ट मूग हे न्यूयॉर्क राज्यातले इंजिनिअर. १९६४मध्ये हर्बर्ट डॉइच या संगीतकाराला काय हवं, काय नको हे विचारत विचारत त्यांनी आपल्या सिंथेसायझरची पहिली जुळणी केली. पुढच्या वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक म्युझिक सेंटरचे व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी आवाजाच्या चढ-उताराचे कोणते टप्पे हवेत ते त्यांना नेमकं सांगितलं. ॲटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज ही जी चौकडी आज फुकटातल्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही दिसते ती तिथली. वापरणाऱ्याला न विचारता मूग यांनी यंत्र बनवलं असतं, तर ते प्रयोगशाळेतलं उपकरण होऊन राहिलं असतं असं मला नेहमी वाटतं.

या वादात सगळ्यात बोलकं उदाहरण जॉन चाउनिंग यांचं. १९६४ साली ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतरचना शिकत होते आणि तिथल्या ऑर्केस्ट्रात तालवाद्यं वाजवत होते. इंजिनिअरिंगशी संबंध नाही, संगणकाशी त्याहून नाही. संगणकावरून संगीत कसं काढता येईल याबद्दल बेल लॅब्जमधल्या मॅक्स मॅथ्यूज यांचा एक लेख आदल्या वर्षी 'सायन्स'मध्ये आला होता, तो त्यांच्या वाचनात आला. चाउनिंग उठले आणि थेट न्यू जर्सीला मॅथ्यूजना भेटायला गेले. परतताना त्यांच्या हातात मॅथ्यूज यांच्या प्रोग्रामच्या पंच कार्डांची पेटी होती. आता ही कार्डं स्टॅनफर्डच्या संगणकावर चालवायची कशी? मदतीला धावला तो ऑर्केस्ट्रातलाच डेव्हिड पूल नावाचा विद्यार्थी. तो ट्यूबा वाजवायचा आणि त्याला संगणक येत होता. संगीतरचनेचा पदव्युत्तर विद्यार्थी वयाने लहान मुलापुढे बसून यंत्राची बाराखडी गिरवतोय हे चित्र मला फार आवडतं. त्यात कुठे कमीपणा नाही, आणि 'माझं मी शोधीन' हा ताठाही नाही.

पुढचा भाग मात्र त्यांनी एकट्याने केला. स्वराला कंप देतात, म्हणजे तो सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वरखाली हलवतात. १९६७मध्ये चाउनिंग असा कंप देऊन बघत होते आणि गंमत म्हणून त्याचा वेग वाढवत गेले, वरखाली जाण्याचं अंतरही वाढवत गेले. माणसाच्या गळ्याला किंवा व्हायोलिनवरच्या बोटाला कधी जमणार नाही इतकं. एका मर्यादेपलीकडे स्वर हलताना ऐकू येईनासा झाला आणि त्याच्या जागी आवाजाचा पोतच पालटला. दोन साधे ऑसिलेटर, एक दुसऱ्याला हलवतोय, आणि त्यातून घंटा, पितळी वाद्यं, कधी न ऐकलेले धातू. काही सेकंदांचा आवाज संगणकाकडून मिळायलाही तेव्हा बराच वेळ ताटकळावं लागे, त्यामुळे आकडा बदलण्याआधी विचार करणं भाग होतं. कंपाचा वेग दुप्पट केला तर काय, अंतर दुप्पट केलं तर काय, असं ते शिस्तीत बघत गेले.

या गोष्टीतली खरी मेख वेगळीच आहे. हेच गणित रेडिओच्या इंजिनिअरांना १९३०च्या दशकापासून ठाऊक होतं. एफएम रेडिओ त्याच तत्त्वावर चालतो. चाउनिंग एखाद्या इंजिनिअरकडे गेले असते तर त्याने कागदावर सगळं मांडून दिलं असतं, कुठल्या कंप्रता कुठे उमटतील ते अचूक सांगितलं असतं. फक्त हे ऐकायला सुंदर लागतं एवढं त्याला सांगता आलं नसतं, कारण त्याने ते कधी कानाने ऐकलंच नव्हतं. यंत्र कसं चालतं ते चाउनिंगनी बिनदिक्कत विचारलं. काय ऐकायचं ते विचारलं नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने आखायची रेघ जवळपास इथेच आहे, आणि पुस्तक वाचताना ही रेघ मनात ठेवली तर बराच गोंधळ टळेल.

स्टॅनफर्डने हा शोध आधी अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना दाखवला. त्यांनी रस घेतला नाही. जपानच्या यामाहाने घेतला आणि १९८३मध्ये डीएक्स७ आला. ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांच्या कानात त्याचा तो काचेसारखा किणकिणता इलेक्ट्रिक पियानो आहेच. पण निव्वळ प्रयोगातून निघालेल्या तत्त्वाचं हे यंत्र प्रयोगाच्या मात्र जिवावर उठलं. सहा ऑपरेटर, म्हणजे एकमेकांना हलवणारे ऑसिलेटर, ते जोडायच्या ३२ पद्धती, आणि हे सगळं बदलायला सपाट बटणांच्या रांगा, एक सरकपट्टी आणि बोटभर पडदा. एक आकडा बदलावा तर आवाज बदलतच नाही. दुसरा बदलावा तर वाद्याचा पार पत्रा होतो. संगीतकार ब्रायन ईनोसारखा एखादा चिवट माणूस त्यात मुरला. बाकीचे कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवत राहिले किंवा दुसऱ्यांनी केलेले आवाज विकत घेत राहिले. शिकणारा आळशी असतो, प्रीसेटवर जगतो, अशी तक्रार मी पुष्कळ ऐकतो. यंत्र हाताला काही सांगतच नसेल तर हात तरी किती दिवस फिरत राहणार?

याच्या उलट टोकाला टीबी-३०३. रोलँड कंपनीचं हे छोटं चंदेरी यंत्र १९८१च्या अखेरीस आलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बासची साथ मिळावी एवढाच त्याचा हेतू होता आणि तेवढाही त्याला साधला नाही. आवाज बास गिटारच्या आसपाससुद्धा नव्हता. त्यात ओळ भरायची रीत तर औरच: स्वर एका फेरीत भरायचे आणि ते कधी, किती वेळ वाजायचे ते वेगळ्या फेरीत. भलतंच काहीतरी भरलं जाण्याची शक्यताच जास्त. १९८४मध्ये उत्पादन बंद झालं. सुमारे दहा हजार यंत्रं बनली असतील, आणि ती हळूहळू जुन्या सामानाच्या दुकानांत जाऊन पडली. त्याच्या वरच्या कडेला मात्र एका रांगेत सहा नॉब होते आणि त्यांतला कुठलाही फिरवला की त्याच क्षणी कानाला फरक कळायचा.

शिकागोतल्या तीन पोरांनी, डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, असं एक जुनं ३०३ मिळवलं. त्यांच्या गटाचं नाव फ्यूचर. यंत्रात बासची ओळ नीट कशी भरायची ते कळेना, म्हणून आत जी काही ओळ होती ती फिरत ठेवून पिअर नॉब फिरवत बसला. फिल्टर उघडमीट करताना त्यातून कधी चिरका, कधी ओला, कधी गुरगुरणारा असा आवाज निघू लागला. ही गोष्ट फिरवून बघणाऱ्यांच्या तोंडी इतकी बसलेली आहे की ती तिथेच संपते असं वाटावं. ती तिथे संपत नाही. पोरांनी त्याची टेप रॉन हार्डी या डीजेला नेऊन दिली. म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये हार्डीने ती एकाच रात्रीत चार वेळा लावली. पहिल्यांदा लोक गोंधळले आणि चौथ्या वेळी बेभान झाले. रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा पोरं मार्शल जेफरसन या अनुभवी निर्मात्याकडे गेली. त्याने लय उतरवायला सांगितलं, पोरांनी उतरवली. १९८७मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती 'ॲसिड ट्रॅक्स' या नावाने काढली, आणि हे नावसुद्धा पोरांनी ठेवलेलं नव्हतं, नाचणाऱ्या गर्दीने ठेवलेलं होतं. म्हणजे फिरवून मिळाला तो आवाज. लय, नाव, आणि हे गाणं आहे ही खात्री, एवढं सगळं दुसऱ्यांकडून आलं.

आता मुंबईकडे येऊ. हेच ३०३, रोलँडचंच टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर एवढं घेऊन चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी केली. एचएमव्हीने काढली. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले मुरलेले वादक. बास गिटारपासून ट्रान्झिकॉर्ड या इलेक्ट्रॉनिक ॲकॉर्डियनपर्यंत हाताला लागेल ते वाजवणारे. रेकॉर्डवर भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग आहेत आणि खाली न थांबणारा यांत्रिक ठेका. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोच्या पोरांना तिचा ओरखडा करता आला. सिंग यांना तिच्यात मींड दिसली असणार, कारण रेकॉर्डवर ती मींडेसारखीच लागते. फिरवून बघण्याला रागाचं कुंपण होतं, कुठला स्वर चालेल आणि कुठला नाही हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून तो प्रयोग भरकटला नाही. लेखिकेने तिसऱ्या प्रकरणात पाचच स्वर वापरायचा नियम घालून दिला आहे, त्यामागेही हाच विचार दिसतो.

ही रेकॉर्ड खपली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाने २०१०मध्ये ती पुन्हा काढली तेव्हा जगाला धक्का बसला, कारण शिकागोच्या पाच वर्षं आधीचं हे काम जवळजवळ त्याच कुळातलं वाटत होतं. मग उतारवयात सिंग यांना युरोपात बोलावणी आली. २०१५मध्ये ते मुंबईत वारले. शिकागोच्या आधी मुंबईत ॲसिड हाउस, म्हणजे 'ॲसिड ट्रॅक्स'च्या धाटणीचं नाचाचं संगीत, झालं, असं अभिमानाने सांगणारे आपल्याकडे आता पुष्कळ भेटतात. मला त्या अभिमानात फारशी गोडी वाटत नाही. मला छळतो तो मधला अठ्ठावीस वर्षांचा खंड. १९८२ साली चरणजित सिंग यांच्या दारात जाऊन 'हे यंत्र कसं चालवता?' असं विचारणारी दहा पोरं असती, तर मुंबईत नुसती एक रेकॉर्ड झाली नसती, एक धाटणी उभी राहिली असती.

अहमदाबादची कथाही याच वळणाची. गीता साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९मध्ये तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर आला; तो उभा करून द्यायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. या गीताबाईंनी १९४६मध्ये न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं होतं. विचारण्याची देवघेव कशी असावी याचा हा नमुनाच. अहमदाबादच्या स्टुडिओत त्यांच्यासह अतुल देसाई, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी तीनएक वर्षं काम केलं. शर्मांच्या तर 'डान्स म्युझिक' नावाच्या रचना आहेत. मग ते काम थांबलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांच्या हाती त्या लागल्या आणि त्यांतल्या निवडक रचना २०२३मध्ये प्रसिद्ध झाल्या. तोवर आपल्याकडच्या दोन पिढ्या हे संगीत सुरुवातीपासून शिकत होत्या, जणू आधी कुणी काही केलंच नव्हतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की प्रयोग मुबलक झाले, कमी पडलं ते एकमेकांना विचारणं, बस्स. पण प्रयोगाचीही एक अडचण आहे आणि फिरवून बघणारे ती क्वचितच कबूल करतात. जे ऐकूच येत नाही त्यावर प्रयोग होत नाही.

दहा फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. आपल्याकडे पुष्कळांचा स्टुडिओ, झोपायची जागा आणि कपड्यांचं कपाट या सगळ्याला मिळून एवढीच जागा असते. दहा फूट म्हणजे तीन मीटरहून थोडं जास्त. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो असं धरलं तर ज्या लहरीची अर्धी लांबी या खोलीत बरोबर मावते तिची कंप्रता येते ५६ हर्ट्झ. त्या सुराची लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून राहते: भिंतीपाशी ती दणाणते आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीशी होते. खोली चौरस असली तर दोन्ही बाजूंनी तोच सूर अडकतो, म्हणजे दुखणं दुप्पट. आणि नाचाच्या संगीतातल्या किकचा, म्हणजे खालच्या दणकेदार ठोक्याचा, तळ बहुतेक वेळा असतो ५० ते ६० हर्ट्झमध्येच. मुलगा खुर्ची टाकून खोलीच्या मधोमध बसतो. त्याला किक पोकळ लागते, तो खालचा आवाज वाढवतो, अजून वाढवतो. रात्रभर मन लावून प्रयोग करतो. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत तीच फाइल लावली की काचा थरथरतात आणि गाणं ऐकूच येत नाही. त्याने वर्षभर असेच प्रयोग केले तर त्याचा कान तयार होईल, पण त्या खोलीपुरता. 'खुर्ची मागच्या भिंतीकडे थोडी सरकव आणि मग ऐक' एवढंच कुणीतरी सांगायला हवं असतं. कुणीतरी म्हणजे ज्याने खोली पाहिली आहे तो.

कान दुसऱ्या प्रकारेही फसवतो. एकच आवाज दोनदा ऐकवला आणि दुसऱ्यांदा जेमतेम जाणवेल इतकाच मोठा केला, तर बहुतेकांना दुसरा 'जास्त चांगला' वाटतो. आवाजावर प्रक्रिया करणारं एखादं प्लगइन लावलं की आवाज थोडा वाढतो आणि आपल्याला वाटतं की सुधारला. म्हणून तुलना करताना दोन्ही आवाज एका पातळीवर आणायला पुस्तकात पानोपानी बजावलं आहे. वाचक त्याला कंटाळेल. कंटाळला तरी चालेल, पण पाळावं. जी चाचणी निष्पक्ष नाही तिला प्रयोग कसं म्हणायचं?

विचारणाऱ्यांची बाजू लढवतो म्हटलं म्हणून त्यांना मोकळं सोडणार नाही. विचारण्याच्या नावाखाली जे चालतं त्यातलं निम्मं विचारणं नसतंच. 'माझं गाणं प्रोफेशनल का वाटत नाही?' याला उत्तर नाही. ऐकणारा बिचारा काहीतरी सांगतो, की कॉम्प्रेसर लाव, महागडा माइक घे, आणि मुलगा ते करून आणखी गोंधळतो. आता हाच मुलगा असं विचारतो असं धरू: 'किक एकटी वाजते तेव्हा दणका बसतो. बास सुरू झाला की दणका जातो. बास एक सप्तक वर नेला की परत येतो.' हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात येईल की दोघांची मारामारी एकाच जागेसाठी आहे. बासचा ए हा स्वर ५५ हर्ट्झवर बसतो आणि किकही तिथेच घुटमळते. त्यातून एकाची लहर वर जाताना दुसऱ्याची खाली येत असेल तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. मग दुसऱ्याने फक्त एवढं सांगायचं उरतं की किकचा सूर बदल, किंवा किक पडताना बास क्षणभर खाली घे, किंवा किकची सुरुवात थोडी सरकव. तिन्ही करून बघ, जे आवडेल ते ठेव. असा प्रश्न विचारता यायला बास बंद करून बघावा लागतो, सप्तक बदलून बघावं लागतं. फिरवून बघण्याशिवाय तो सुचणारच नाही.

आपल्याकडे या विद्येची जी खरी शाळा आहे तिचं नाव मात्र प्रस्तावनांमध्ये कुणी घेत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत जी रिमिक्स वाजतात, मध्येच डीजेचं नाव घुमवणारी, ती करणारी मुलं बेल्जियमच्या एफएल स्टुडिओवर वाढली. १९९७च्या सुमारास फ्रूटीलूप्स या नावाने सुरू झालेलं, चौकोनांच्या रांगेत ठोके भरायचं ते साधं सॉफ्टवेअर. ही मुलं ना शुद्ध प्रयोगवाली, ना शुद्ध विचारणारी. ती एकमेकांच्या प्रोजेक्ट फाइली उघडतात. हलगीचा लूप कुठे कापलाय, नाशिक ढोलाखाली किक कशी पेरलीय, कोळीगीताची लय न मोडता वेग कसा वाढवलाय, हे ट्रॅकवर ट्रॅक उलगडून बघतात, एकेक बंद करून ऐकतात, आणि मग आपलं काहीतरी त्यात घुसवतात. तयार काम समोर असतं, पण ते का चालतं हे आपलं आपण शोधावं लागतं. या संगीताच्या आवाजाच्या पातळीबद्दल माझे आणि पोलिसांचे विचार सारखेच आहेत. शिकण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मला या मुलांचा हेवा वाटतो. त्या मुलांत एक खोडही असते. जो सॅम्पल सापडला, ज्या फाइलीतून युक्ती कळली, त्याचा पत्ता लपवायचा. आपल्या जुन्या उस्तादांनी बंदिशी लपवल्या, त्याचीच ही लॅपटॉपवरची आवृत्ती. आणि देवधर मास्तरांनी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ आपल्या शाळेत ज्या मोकळेपणाने निरनिराळ्या घराण्यांचे गवई मुलांना ऐकवले, कुमार गंधर्वांसारखा शिष्य ज्यातून घडला, तो मोकळेपणाही आपलाच आहे. दोन्ही वारसे हाताशी आहेत. कुठला उचलायचा ते या मुलांनी ठरवायचं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल. प्रत्येक प्रकरणात आधी काम आहे, मग ऐकायला सांगितलं आहे आणि स्पष्टीकरण पान उलटल्यावर येतं. स्पष्टीकरण आधी वाचायचा मोह होईल. लेखिकेने तो ओळखून काही ठिकाणी स्पष्टीकरण थेट प्रकरणाच्या शेवटी ढकललं आहे, ते छान केलं. फिल्टरचं प्रकरण सर्वांत भक्कम आहे; ३०३सारखी ओळ एकाच ऑसिलेटरवर बांधून ती केवळ फिल्टरने चार मिनिटं जिवंत ठेवायचा जो पाठ दिला आहे, तो मी दोनदा केला. सॅम्पलिंगच्या प्रकरणात आपल्या आसपासचे आवाज टिपायला सांगितलं आहे, गिरणीचा पट्टा, कुकरची शिट्टी, लोकलचा भोंगा. पिअर शेफर यांनी १९४८मध्ये पॅरिसमध्ये आगगाडीचे आवाज जोडून रचना केली, तेव्हापासूनची ही वाट. तिचा उल्लेख या प्रकरणात यायला हवा होता.

एका बाबतीत आमचं जमलेलं नाही. पहिली पाच प्रकरणं प्रीसेटला हात लावायचा नाही असा लेखिकेचा दंडक आहे. मला तो सोवळेपणा वाटतो. कुणीतरी बनवलेला चांगला प्रीसेट उघडावा, एकेक नॉब शून्यावर आणत जावा आणि आवाज नेमका कुठे मरतो ते बघावं. त्यातून जेवढं कळतं तेवढं कोऱ्या पाटीवर कळायला फार दिवस जातात. मी हे लेखिकेला दोनदा सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, असं शून्यावर आणणारे शंभरात दोन असतात, उरलेले अठ्ठ्याण्णव प्रीसेट आहे तसाच वाजवून गाणं पुरं करतात. त्यांचा शिकवण्याचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, त्यामुळे या आवृत्तीत दंडक कायम आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी पुन्हा भांडणार आहे.